घर बंद होते, तेव्हा बाई कुठे जाते?



मनोरुग्णालयातून बऱ्या होऊन बाहेर पडलेल्या, पण घरच्यांनी परत न नेलेल्या सहाजणी एका लहान शहरात भाड्याच्या घरात एकत्र राहत होत्या. प्रकल्पाचे पैसे संपले, घरमालकाने भाडेकरार वाढवायला नकार दिला आणि महिनाभरात घर बंद झाले. दोघींना भावांकडे पोचवले, तिघींना पुन्हा मनोरुग्णालयात नेले. सहावीची रवानगी वृद्धाश्रमात झाली. तिचे वय ४२. कुठे जायचे आहे, हे एकीलाही कोणी विचारले नाही. चालवणाऱ्या संस्थेचे नाव आम्ही घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही.

त्या घरात भाजी कोणती आणायची ते बायका ठरवत. गोळ्यांच्या वेळा एकमेकींना आठवण करून पाळत. रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकावर त्याच घराचा पत्ता होता. पत्ता गेला की निराधार अनुदानही अडकते. घर मोडते, तेव्हा एवढे सगळे मोडते.

हा बायकांचा प्रश्न का? आजारी नवऱ्याचे बायको वर्षानुवर्षे करते. आजारी बायकोला मात्र माहेरी सोडून येतात. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. कायद्याच्या भाषेत दोघे समान. पण माहेरी जिला खोली नाही, वाटणीत जिचे नाव नाही, तिला त्यानंतर रस्ता किंवा रुग्णालय एवढेच उरते. आणि संस्थेत तरी ती सुरक्षित असते का? १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये काढली गेली, तेव्हा स्त्री संघटनांनीच आवाज उठवला होता. मतिमंदत्व आणि मानसिक आजार या वेगळ्या गोष्टी आहेत. पण 'तिच्या भल्यासाठी' तिला न विचारता ठरवण्याची रीत तीच.

कायदा आज आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम १९ सांगते की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. हाफ-वे होम, आधारयुक्त निवास या सोयी पुरवणे ही कलम १८ने शासनाची जबाबदारी आहे. रुग्णांना भिक्षेकरी गृहात, वृद्धाश्रमात हलवण्याची पद्धत थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाला बजावले. तरीही देणगीदाराचे पैसे संपले की बाईचा हक्कही संपतो!

प्रत्येक निवास टिकलाच पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. तामिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे मेली. अशी ठिकाणे बंदच व्हायला हवीत. पण बंद करतानाही आतल्या प्रत्येकीची पुढची सोय आधी झाली पाहिजे. ती होऊ शकते. चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेने २०१५ पासून 'होम अगेन' उपक्रमात दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या बायकांना चौघी-पाचजणींच्या गटाने साध्या वस्तीत घर करून दिले आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा: निवास बंद करण्याआधी किमान सहा महिन्यांची लेखी सूचना द्यावी, प्रत्येकीशी बोलून तिच्या संमतीनेच पुढची जागा ठरवावी, आणि चालवणारी संस्था थांबली तर शासनाने ते घर चालवावे.

आपल्या गटांनीही एक काम हाती घ्यावे. कलम १४ नुसार मानसिक आजार असलेली प्रौढ व्यक्ती आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकते. तो नवरा किंवा भाऊच असला पाहिजे, असे नाही. साध्या कागदावर सही किंवा अंगठा पुरतो. नेमलेल्या व्यक्तीची लेखी संमती मात्र हवी. आपल्या भागातल्या अशा निवासात जा, तिथल्या बायकांशी ओळख करा. त्यांना हवे असेल, तर त्या कागदावर आपले नाव येऊ द्या. पुढचे घर बंद व्हायची वेळ येईल, तेव्हा तिच्या बाजूने बोलायला कोणीतरी हक्काने उभी असेल.