श्रीलंकेचे पर्यटन : विक्रमी संख्या, अपुरे उत्पन्न

श्रीलंकेला २०२५ या वर्षात भेट देणाऱ्या परदेशी पर्यटकांच्या संख्येने २०१८ मधील २३ लाख ३३ हजारांचा विक्रम मागे टाकला. दहशतवादी हल्ला, कोविडची साथ, आर्थिक दिवाळखोरी आणि वर्ष सरता सरता आलेले विनाशकारी चक्रीवादळ अशा एकापाठोपाठ एक आपत्ती सोसलेल्या या द्वीपराष्ट्राच्या दृष्टीने ही बाब निश्चितच दिलासादायक आहे. मात्र पर्यटकांच्या पसंतीची गणिते किती नाजूक असतात, याचाही धडा श्रीलंकेच्या गेल्या काही वर्षांच्या अनुभवातून मिळतो.

निसर्ग आणि वारसा यांच्या बाबतीत श्रीलंका मुळातच भाग्यवान आहे. सिगिरिया, अनुराधपूर, पोलोन्नरुव, कँडी, गॉलचा किल्ला आणि सिंहराज अरण्य यांसह आठ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा लाभला आहे. सकाळी समुद्रकिनारी असलेला प्रवासी त्याच दिवशी चहाच्या मळ्यांत पोहोचू शकतो, एवढी अंतरे लहान आहेत. तरीही २००९ मध्ये येथे जेमतेम साडेचार लाख पर्यटक आले होते. त्या वर्षी मे महिन्यात यादवी युद्ध संपले आणि पुढील नऊ वर्षांत ही संख्या पाचपटीहून अधिक वाढली. किनारे तेच होते, किल्लेही तेच होते. बदलली होती ती केवळ सुरक्षिततेविषयीची खात्री.

ही खात्री २१ एप्रिल २०१९ रोजी एका सकाळीत ढासळली. ईस्टरच्या दिवशी चर्च आणि कोलंबोतील आलिशान हॉटेलांवर झालेल्या आत्मघाती हल्ल्यांत अडीचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. ब्रिटनसह अनेक देशांनी आपल्या नागरिकांना अनावश्यक प्रवास टाळण्याची सूचना केली. परिणामी, मे महिन्यातील पर्यटकांची संख्या आदल्या वर्षीच्या मे महिन्याच्या तुलनेत सुमारे ७० टक्क्यांनी घटली. मात्र या सूचना शिथिल झाल्या, ऑगस्टपासून ४८ देशांच्या नागरिकांना व्हिसाशुल्क माफ करण्यात आले आणि डिसेंबरपर्यंत आकडा जवळपास पूर्वपदावर आला.

२०२२ चे संकट वेगळ्या जातीचे होते. कोविडनंतर पर्यटन सावरत होते, मार्च महिन्यात एक लाखाहून अधिक प्रवासी आले होते. तोच परकीय चलनाचा साठा आटला, इंधन मिळेनासे झाले, वीज तासन् तास जाऊ लागली. मे महिन्यात पर्यटकांची संख्या तीस हजारांवर आली. येथे पर्यटकांवर कोणी हल्ला केला नव्हता, उलट आंदोलकांनी परदेशी पाहुण्यांना त्रास दिल्याच्या तक्रारीही विशेष ऐकू आल्या नाहीत. परंतु विमानतळावरून हॉटेलपर्यंत नेणाऱ्या मोटारीत पेट्रोल असेल की नाही, याची शाश्वती नसेल तर सहल आखणार कोण? हल्ल्याची भीती काही महिन्यांत ओसरते. दैनंदिन व्यवस्था चालते आहे, हा विश्वास मात्र हळूहळूच परत येतो. नाणेनिधीचे कर्ज मार्च २०२३ मध्ये मंजूर झाले, भारतानेही त्याआधीच सुमारे चार अब्ज डॉलरचे साहाय्य केले होते. त्यानंतरच २०२३ मध्ये १४ लाख ८७ हजार आणि २०२४ मध्ये २० लाख ५३ हजार पर्यटक आले.

घसरलेल्या रुपयामुळे श्रीलंका परदेशी प्रवाशांना स्वस्त झाली, हेही या पुनरागमनाचे एक कारण होय. पण स्वस्ताईची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. २०१८ मध्ये पर्यटनातून ४३८ कोटी डॉलर मिळाले होते, २०२४ मध्ये मिळाले ३१७ कोटी. म्हणजे पर्यटक १२ टक्क्यांनी कमी, तर उत्पन्न सुमारे २८ टक्क्यांनी कमी. २०२५ मध्ये संख्येचा विक्रम झाला, तरी उत्पन्न २०१८ च्या पातळीपासून दूरच राहिले. विमानतळावर उमटणाऱ्या शिक्क्यांची मोजदाद करून यश जाहीर करण्याची सवय सर्वच देशांच्या पर्यटन खात्यांना आहे. परंतु एका शिक्क्यामागे किती रात्रींचा मुक्काम आणि किती जणांना रोजगार, हा हिशेब अधिक महत्त्वाचा ठरतो. डॉलरमध्ये कर्ज फेडावे लागणाऱ्या देशात तर तो टाळता येणारच नाही.

धोरणांतील धरसोडही महाग पडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतासह सात देशांच्या नागरिकांना निःशुल्क व्हिसा मिळू लागला. एप्रिल २०२४ मध्ये मात्र व्हिसाची ऑनलाइन व्यवस्था परदेशी कंपन्यांकडे सोपवली गेली, शुल्क वाढले आणि वाद पेटला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेला स्थगिती दिली. तीच गत परदेशी वकिलातींच्या इशाऱ्यांची. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकी दूतावासाने अरुगम बे या किनारी गावाबाबत दिलेल्या एका सूचनेने ऐन हंगामाच्या तोंडावर सरकारची धावपळ झाली.

आज श्रीलंकेत येणाऱ्या पर्यटकांमध्ये भारतीयांचा क्रमांक पहिला आहे. २०२४ मध्ये चार लाखांहून अधिक, म्हणजे दर पाच पर्यटकांमागे एक, भारतीय होता. फेब्रुवारी २०२४ पासून तेथे यूपीआयने पैसे देता येतात, नागपट्टणम ते कांकेसंतुरै अशी नौकासेवाही आहे. रामायणाशी जोडलेली स्थळे आणि बौद्ध तीर्थक्षेत्रे हे मोठे आकर्षण. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये बौद्ध परिषदेसाठी तेथे गेले होते, त्यामुळे महाराष्ट्रातील बौद्ध समाजाच्या मनात या देशाला वेगळे स्थान आहे. शिवाय अजिंठा पाहिलेल्याला सिगिरियाच्या भिंतीवरील चित्रे परकी वाटत नाहीत.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या दित्वा चक्रीवादळाने सहाशेहून अधिक बळी घेतले. कँडी, नुवारा एलिया आणि बदुल्ला या डोंगराळ भागांत दरडी कोसळल्या आणि मळ्यांतून जाणाऱ्या प्रसिद्ध रेल्वेमार्गाचे मोठे नुकसान झाले. याच गाडीच्या दारात उभे राहून काढलेली छायाचित्रे पाहून हजारो प्रवासी या देशाकडे वळत आले आहेत. किनाऱ्यावरची हॉटेले शाबूत राहिली. डोंगरातील छोट्या अतिथीगृहांचे मालक, वाटाडे आणि तीनचाकी चालक यांची कमाई मात्र त्या गाडीवरच अवलंबून असते.