पहिल्या दिवशी विक्रम, मग गाणं गायब का होतं?

यूट्यूबवर एका दिवसात कोट्यवधी व्ह्यूज. पण महिन्याभरानं बाळापूरच्या वरातीत डीजेकडं त्याच गाण्याची फर्माईश नाही. असं का?

जुलै 2019 मध्ये बादशाहच्या ‘पागल’ला 24 तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा दावा झाला. त्यात पैसे मोजून दाखवलेल्या जाहिरातींचे व्ह्यूजही होते. यूट्यूबनं हा विक्रम मान्य केला नाही. सप्टेंबरमध्ये तर जाहिरातींचे व्ह्यूज म्युझिक चार्ट आणि 24 तासांच्या विक्रमांतून वगळलेच. जाहिरात थांबली की असा आकडा मंदावतो. गाणं पुन्हा लावणारे तेवढे नसतात.

जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ उलट वाटेनं गेलं. 2024 मध्ये लोक त्यावर रील्स करत गेले, तसतसं ते वर चढलं.