बी आपलं, रान कुणाचं?

जून उजाडला की आपल्याकडे झाडं लावायचा हंगाम सुरू होतो. शाळेच्या मैदानात, पंचायतीच्या आवारात, हायवेच्या कडेला खड्डे खणले जातात. रोपांची गाडी येते, पाहुणे येतात, फोटो निघतात. राज्य सरकारने तर २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत मिळून ५० कोटी झाडं लावायचं ठरवलं होतं. एकट्या २०१९ चा आकडा होता ३३ कोटी! त्यातली किती जगली यावर पुष्कळ वाद झाले. मला त्या वादात पडायचं नाही. माझा प्रश्न साधा आहे. महाड-पोलादपूरकडच्या बाईने झाड लावायला रोपांच्या गाडीची वाट का बघायची? तिच्या वाटेवर तर बाराही महिने बी पडलेलं असतं.

आठवून बघा. जानेवारी सरत आला की बेहड्याखाली फळांचा सडा पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐनाची पाच पंखांची फळं वाऱ्यावर भिरभिरत येतात. किंजळीचीही पंखांची, पण बारीक. एप्रिल-मेमध्ये शिवणीची पिवळी फळं गळतात आणि गुरं ती आवडीने खातात. मग रातांबे, रायवळ आंबे, फणस. पहिल्या सरी पडतात तेव्हा जांभळाने अंगण माखलेलं असतं. हे सगळं आपण खातो, वाळवतो, झाडून टाकतो. बी मात्र उकिरड्यावर जातं.

माझं माहेर महाडजवळ आणि सासर पोलादपूर तालुक्यात. घरामागे डोंगरउताराची वरकस जमीन आहे. पूर्वी तिच्यावर नाचणी-वरी व्हायची. घरातले पुरुष मुंबईला कामाला गेले, नाचणी करायला हात उरले नाहीत आणि जमीन गवताखाली गेली. आपल्या भागात अशी पडलेली वरकस कुणाकडे नाही? मी गेली काही वर्षं तिच्यावर गोळा केलेलं बी टोचते. खर्च शून्य. एक पहार, एक टोपली आणि पावसाचे पहिले पंधरा दिवस, एवढंच भांडवल.

बियांचा स्वभाव ओळखला की अर्धं काम झालं. सासूबाईंनी मला शिकवलं की बी दोन जातीचं असतं, एक घाईचं आणि एक आळशी. फणस, आंबा, जांभूळ, रातांबा, मोह ही घाईची मंडळी. त्यांचं बी ओलं आहे तोवर जिवंत. डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवायला गेलात तर हातात मेलेलं बी राहील. जांभळाचं बी तर जेमतेम दोन आठवडे दम धरतं. फळ खाल्लं, बी धुतलं, सावलीत ठेवलं आणि आठवड्याभरात मातीत घातलं, असं झालं पाहिजे. जांभळाच्या एका बीतून कधी दोन-तीन कोंब येतात, तेव्हा घाबरू नका. जोमदार असेल तो ठेवायचा. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. बियांपासून केलेल्या झाडांत निम्मी नर निघतात, त्यांना फळ धरत नाही. म्हणून कोकमासाठी लावायचं तर एका जागी चार-पाच तरी लावावीत.

बेहडा, हिरडा, साग ही आळशी जात. त्यांचं कवच कठीण. बेहड्याचा गर काढून बी दिवसभर पाण्यात भिजवलं तरी चालतं. सागाच्या फळांना रात्री पाणी आणि दिवसा ऊन असं आठवडाभर द्यावं लागतं, तेव्हा कुठे ती जागी होतात. ऐन-किंजळीची बरीच फळं आतून पोकळ असतात. तिथे मूठभर बी पुरत नाही, टोपलीभर लागतं.

आणि शक्यतो बी जागेवरच लावावं, पिशवीत नको. या झाडांचं पहिलं काम मूळ खाली सोडायचं असतं. वर दोन पानं दिसतात तोवर सोटमूळ हातभर खाली गेलेलं असतं. पिशवीत जास्त दिवस राहिलं की ते गोल गोल फिरतं आणि पुढे जमिनीत गेल्यावरही नीट सरळ होत नाही. जागेवर रुजलेलं झाड पहिला उन्हाळा आपल्या मुळाच्या जोरावर काढतं. खडकाळ उतारावर, जिथे हंड्याने पाणी न्यायला बाईशिवाय कुणी नाही, तिथे ही गोष्ट लाखमोलाची आहे. हो, साळिंदर आणि रानडुकरं फणसाच्या आठळ्या उकरतात. म्हणून एका जागी दोन-तीन बिया टोचायच्या आणि वर करवंदीच्या काट्या पसरायच्या.

याहून मोठे वैरी दोन. एक म्हणजे कापणीनंतर सुटलेली मोकाट गुरं. दुसरा वणवा. फेब्रुवारीनंतर कुणीतरी गवताला काडी लावतं आणि दोन-तीन वर्षांची मेहनत तासाभरात काळी होते. दिवाळीनंतर झाडांभोवतीचं गवत कापून, कडेने चार हातांची पट्टी साफ ठेवली की आग बरीचशी अडते. हे काम चौघीजणींनी मिळून केलं तर दोन सकाळी पुरतात. ते गवत गुरांना होतं, भाताच्या राबालाही होतं. राबावरून आठवलं. राबासाठी ऐन-किंजळीचं कवळ तोडतात तेव्हा काही ठिकाणी झाडाचा नुसता खांब करून ठेवतात. सासूबाई म्हणायच्या, "शेंडा ठेवा गं, झाडाला श्वास घेऊ द्या." इतकं साधं शहाणपण आहे हे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग अडचण कुठे आहे? अडचण बियांत नाही, मातीतही नाही. ती सातबाऱ्यावर आहे.

आमच्याच घरातली गोष्ट सांगते. वरकसाचा वरचा तुकडा सामाईक होता. त्यावर जुने ऐन, किंजळ आणि दोघींच्या कवेत न मावणारा एक बेहडा होता. एका लाकूडवाल्याने मुंबईतल्या नातेवाईकांना गाठलं, उभ्या झाडांचा सौदा झाला, सह्या झाल्या. गावात राहणाऱ्या आम्हा तिघी जावांना कळलं ते कटर सुरू झाल्यावर. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "वहिनी, तुमचं नाव कुठे आहे त्यात?" खरंच होतं. नाव नव्हतं. त्या रानातला पालापाचोळा आम्ही आणायचो, जळण आम्ही आणायचो, वणवा आम्ही विझवायचो. पण सही करायचा अधिकार ज्यांनी दहा वर्षांत तिकडे पाऊल टाकलं नव्हतं त्यांच्याकडे होता. चौथ्या दिवशी उतार बोडका झाला.

आपल्याकडे झाडं तोडायला १९६४ पासून कायदा आहे. आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, साग अशी झाडं स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण परवानगी मागणारा मालकच असतो, आणि मालक कोण ते सातबारा ठरवतो. त्या कागदावर जिचं नाव नाही तिला हरकत घ्यायलाही उभं राहता येत नाही.

हिमालयातल्या बायकांचं उदाहरण मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं. तिकडे बांज नावाचं झाड आहे, म्हणजे त्यांचा ओक. त्याचंही बी आपल्या फणसासारखं घाईचं, वाळलं की मेलं. बांजाखाली पाण्याचे झरे टिकतात आणि पाल्यावर गुरं जगतात, म्हणून तिथल्या बायकांना चिरापेक्षा बांज जवळचा. चीर म्हणजे पाइन, लाकूड आणि डिंकाचं झाड. त्याच उत्तराखंडात २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावाजवळ झाडं तोडायला माणसं आली तेव्हा गावातले पुरुष भरपाईच्या कामासाठी बाहेर गेलेले होते. गौरादेवी गावातल्या बायकांना घेऊन जंगलात गेल्या आणि झाडांसमोर उभ्या राहिल्या. आपण चिपकोची गोष्ट शाळेत वाचतो, पण पुरुष गावात नव्हते ही ओळ विसरतो. आपल्या पोलादपुरात तर ते वर्षभर नसतात! मग रान राखायचं ते कुणी?

कुणी म्हणेल, चार झाडांचा एवढा बाऊ कशाला? आपल्या तालुक्यांना हा प्रश्न विचारायचा अधिकार राहिलेला नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गेलं, ८० हून अधिक माणसं गेली. त्याच सुमारास पोलादपूरच्या केवनाळे आणि सुतारवाडीवरही दरड आली. झाडं असती तर हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही. तेवढ्या पावसात गच्च रानाचे डोंगरही सुटतात, खोलवरून सुटलेल्या दरडीला मुळं पुरत नाहीत. पण वरची माती मुळं धरून ठेवतात, हे तर शेताचा बांध घालणारी प्रत्येक बाई जाणते. बोडक्या उताराखाली घर असलं की पावसाळ्यातल्या रात्री झोप कशी लागते, तेही तीच जाणते.

म्हणून माझं मत असं की बी टोचणं आणि नाव लावणं ही दोन्ही कामं एकाच वेळी करायला हवीत. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. केंद्राच्या कायद्यात ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी हक्क राहतो असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. तरी आपल्याकडे काय होतं? वडील गेले की बहिणींना तहसीलला बोलावतात, हक्कसोड पत्रावर सही घेतात, एक साडी देतात. भावाशी नातं टिकावं म्हणून आपण सही करतो.

भावाशी भांडा असं मी म्हणत नाही. घराजवळची भातखाचरं भावाला लखलाभ होवोत. पण वरकसाचा एखादा तुकडा, जिथे रस्ताही जात नाही, तो तरी मागून बघा. "तू सासरी, तिकडे बघणार कोण?" असं विचारतील. सांगा, झाडाला रोज बघावं लागत नाही. पहिली तीन वर्षं गुरं आणि वणवा सांभाळला की पुढचं ते बघतं. आणि आपण माहेरपणाला जातो ते मे महिन्यात, नेमकं बियांच्या हंगामात. येताना लोणची-पापड आणतोच, जाताना ओंजळभर बी घेऊन जायला काय हरकत आहे?

सासरच्या जमिनीचंही तेच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मी मुक्तीची हाक दिली तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. पुढे त्याच नावाने सरकारनेही नवऱ्याच्या संमतीने बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली. तलाठ्याकडे विचारायला पैसे पडत नाहीत. नाव लागल्यावर ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंदही करता येते. झाड कागदावर आलं की गुपचूप सौदा करणं थोडं तरी अवघड होतं.

ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचं काय? रानातल्या बियांची खरी जाणकारी आपल्याकडे कातकरी बायकांना आहे, आणि जमीन सर्वांत कमी त्यांच्याकडेच. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा आहे. तसा तो दिला जातो का, हे ग्रामसभेत आपण सगळ्यांनी विचारायला हवं. उत्तर कन्नडमधल्या होन्नळ्ळीच्या तुलसी गौडा लहानपणापासून वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर राबल्या. शाळा नाही, पण कोणत्या झाडाचं बी कधी घ्यायचं आणि बियांसाठी रानातलं कोणतं झाड निवडायचं हे त्यांना विचारायला अधिकारी यायचे. त्यांना पद्मश्री मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या. असं ज्ञान असलेल्या बायका आपल्या वाड्यांवरही आहेत, त्यांना आपण फक्त करवंदं विकताना बघतो.

तेव्हा मैत्रिणींनो, या वर्षी दोनच कामं करा. फणस फोडाल तेव्हा दहा आठळ्या भाजीत न घालता बाजूला ठेवा आणि पहिल्या पावसात टोचा. आणि कधीतरी महा-ई-सेवा केंद्रात जाऊन आपल्या घरच्या जमिनीचा सातबारा काढून आणा. त्यावरची नावं शांतपणे वाचा. आपलं नाव सापडलं तर उत्तम. नाही सापडलं, तर रात्री जेवणं झाल्यावर घरात विषय काढा.