मोडीत घालण्यापूर्वी भांडे उलटे करून पाहा

दीपावली जवळ आली की देवघरातील रुपे उजळण्यासाठी बाहेर काढले जाते. ताम्हन, पळी-पंचपात्री, निरांजन, कुंकवाचा करंडा, लक्ष्मीपूजनाचे राणीछाप रुपये. त्याच सुमारास घरोघरी एक विचारही डोके वर काढतो : ही जुनी, ठसा नसलेली चांदी मोडीत घालून धनत्रयोदशीला हॉलमार्कची नवी भांडी का घेऊ नयेत? या विचारात जी घाई आहे, ती आम्हांस मान्य नाही.

ठसा नाही म्हणजे चांदी हीणकस, हा समज मुळातच चुकीचा आहे. आपल्याकडे चांदीच्या वस्तूंवर भारतीय मानक ब्यूरोचा शुद्धतेचा ठसा मारण्याची सोय २००५ साली झाली. प्रत्येक वस्तूस सहा अक्षरांकांची स्वतंत्र ओळख देण्याची योजना तर १ सप्टेंबर २०२५ रोजी, तीही ऐच्छिक म्हणून, सुरू झाली. पणजोबांच्या पंचपात्रीवर तो ठसा असणार कोठून? उलट, जुनी म्हणून विकल्या जाणाऱ्या करंड्यावर असा ठसा दिसला, तर तिचे वय तेथेच उघडे पडते.

इंग्लंडची गोष्ट निराळी. तेथे चांदीची सरकारमान्य पारख शतकानुशतके चालत आली आहे. चालता सिंह म्हणजे हजारी ९२५ शुद्धता. बिबळ्याचे मुख लंडनचे, नांगर बर्मिंगहॅमचा. एकेका वर्षास एकेक अक्षर. राजा वा राणीचे मुख असेल तर कर भरल्याची ती खूण होय आणि तो कर १७८४ पासून १८९० पर्यंतच होता. एखाद्या घरात साहेबी अमदानीतील चहादाणी असेल, तर तिच्या बुडाशी तिची जन्मपत्रिकाच कोरलेली सापडते. मात्र 'ई. पी. एन. एस.' ही अक्षरे दिसली तर हुरळून जाऊ नये. तो चांदीचा नुसता मुलामा. आत तांबे, निकेल व जस्त. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये तर नावापुरतीच चांदी!

इंग्रजी अमलात हिंदुस्थानात अशी सरकारी पारख-कचेऱ्यांची व्यवस्था नव्हती. येथे कारागिराचे नाव हीच साक्ष. कच्छमधील उमरशी मावजी यांच्या 'ओ. एम.' आणि 'भूज' या खुणा जाणकार आजही शोधतात. पण असा लौकिक थोड्यांचाच. बाकीच्या सोनारांनी आपले नावही मागे ठेवले नाही.

नाण्यांचे मात्र दप्तर चोख आहे. व्हिक्टोरियाचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. 'क्वीन' असेल तर घडण १८७७ पूर्वीची. 'एम्प्रेस' असेल तर नंतरची. १९४० पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. पूजेच्या तबकात दोन्ही शेजारी नांदतात, आणि लक्ष्मीने त्यांत कधी भेद केल्याचे ऐकिवात नाही. मोड घेणारा सराफ मात्र करतो व त्याने तो करावाच. त्याहून जुन्या, अंकुशी वा चांदवडी रुपयांवर बारीक टोचे आढळतात. ते व्यंग नव्हे. नाणे पारखून घेणाऱ्या सराफांच्या त्या खुणा आहेत. आपल्या मुलखाचा हॉलमार्क म्हणावा तो हाच.

ठसा खोटा मारता येतो. झीज खोटी करणे त्याहून कठीण. खरे जुने भांडे हाताच्या पकडीत व बुडाच्या कडेला झिजते, कोरलेल्या नावाच्या कडा मऊ होतात. नक्षी बोथट पण नाव धारदार असेल, तर नाव मागाहून घातलेले समजावे. शुद्धतेची शंका असेल तर क्ष-किरणांच्या यंत्रावर वस्तूस ओरखडाही न पाडता तपासणी होते. ती एकाच जागी करू नये. सांध्यांपाशी कस उतरलेला दिसणे स्वाभाविक आहे.

आणखी एक. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरू शकते व ती खासगी रीतीने परदेशी नेता येत नाही. परदेशस्थ लेकीसुनांच्या सामानात पणजीचा करंडा ठेवण्यापूर्वी हे ध्यानी असावे.

गरजेपोटी चांदी विकावी लागली, तर त्यात कमीपणा कसला? आमचा आक्षेप केवळ चकाकीसाठी होणाऱ्या मोडीस आहे. मुशीत गेलेल्या ताम्हनाचे वजन पावतीवर राहते. बुडावर कोरलेले पणजीचे नाव, गाव आणि शक कोठेच राहत नाहीत.