द्रोणातल्या करवंदांचे मोल

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग नागोठणे सोडून सुकेळी खिंड ओलांडतो आणि कोलाडच्या परिसरात उतरतो. एप्रिलच्या अखेरीपासून मृगाच्या तोंडापर्यंत या रस्त्याच्या कडेला कातकरी व ठाकर स्त्रिया पानांच्या द्रोणांत करवंदे मांडून बसतात. मे सरता सरता त्यांच्या जोडीला जांभळे येतात. प्रवासी थांबतो, भावात घासाघीस करतो, दोन-चार द्रोण प्लॅस्टिकच्या पिशवीत उपडे करतो आणि मार्गस्थ होतो. घरी पोहोचेतो निम्मी फळे चेंगरून आंबलेली असतात. मग रानचा मेवा टिकतच नाही, असा निर्वाळा दिला जातो. वस्तुतः दोष फळाचा नसतो, तो घेणाऱ्याच्या अज्ञानाचा असतो.

करवंद निवडताना केवळ काळा रंग पाहून भागत नाही. पिकलेले करवंद काळेभोर, तुकतुकीत आणि बोटाला किंचित मऊ लागणारे असते. लालसर छटेचे फळ आंबट असते व त्याला चीकही अधिक असतो. सुरकुतलेली फळे शिळी समजावीत. द्रोणाचा तळ रसाने भिजला असेल, तर खालची फळे फुटली आहेत हे ओळखावे. जांभूळ घ्यायचे तर टपोरे, गडद आणि सालीला चीर नसलेले घ्यावे. वळवाचा पाऊस झाल्यावर जमिनीवरून वेचलेली जांभळे लवकर नासतात.

साठवणीचा पहिला नियम असा की, फळे धुऊन ठेवू नयेत. ओलाव्याने बुरशी धरते. घरी येताच फुटकी फळे वेगळी काढावीत, उरलेली परातीत कागदावर एकेरी पसरावीत आणि गार जागी ठेवावीत. शीतकपाटात ती आणखी दोन-तीन दिवस निघतात. खाण्यापूर्वी मिठाच्या पाण्यातून काढली, की वरचा चीक बराचसा निघून जातो. जास्त असतील तर सरबत अथवा मुरंबा करावा, आणि हिरव्या करवंदांचे लोणचे घालावे. फळाच्या आंबटपणामुळे भांडे पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे नसावे. पोलादी भांडे वा चिनी मातीची बरणी योग्य. अर्थात, खरा आस्वाद द्रोणातूनच. करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा आणि पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ कोकणातल्या मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकविलेला नाही.

परंतु प्रश्न केवळ जिभेच्या चवीचा नाही. डोंगरात फुकट मिळणाऱ्या फळाला एवढे पैसे कशाचे, असा सवाल रस्त्यावर सर्रास ऐकू येतो. तो करणाऱ्याने करवंदीच्या जाळीत एकदा हात घालून पाहावा. दुहेरी काट्यांतून एकेक फळ खुडायचे, चिकाने बोटे बरबटून घ्यायची, पाने जमवून द्रोण टाचायचे आणि ऊन चढण्यापूर्वी डोंगर उतरून रस्ता गाठायचा, या श्रमांची ती किंमत असते. जांभळाच्या ठिसूळ फांदीवर चढणारा तर जीव धोक्यात घालतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने अशा गौण वनोपजावर पारंपरिक वनवासींचा मालकी हक्क मान्य केला आहे. कायद्याने ज्याला हक्क म्हटले, त्याला गिऱ्हाइकाने फुकटचा माल म्हणणे शोभत नाही.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती खोक्यांत बंद होऊन दूरच्या बाजारपेठा गाठते आणि तिच्या पाठीशी बागायतदार व संस्था उभ्या आहेत. करवंदाला ना बाग, ना शीतगृह. त्याचा आधार दोनच गोष्टींचा: डोंगरउतारावरची जाळी आणि जाणते गिऱ्हाईक. त्यांपैकी जाळी मागे हटत आहे. वणवे, सरपणासाठीची तोड, उतारांवर उभी राहणारी विश्रामगृहे आणि 2011 पासून रेंगाळत चाललेले पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण यांनी रस्त्यालगतची झुडपे गिळली आहेत. विकास नको, असे कोणी म्हणणार नाही. पण तोडलेल्या जाळीच्या जागी दुसरी लावण्याची तसदी कोणी घेऊ नये, हे मात्र खेदजनक आहे.

उपाय फारसा खर्चिक नाही. करवंदाचे बी ताजे असतानाच रुजत घालावे लागते, आणि फळांचा हंगाम संपतो तेव्हाच पाऊस दाराशी आलेला असतो. करवंदीचे कुंपण गुरे ओलांडत नाहीत आणि एकदा धरले, की ते फारसे पाणीही मागत नाही. रोहे तालुक्यातील शाळांनी जूनमध्ये आवाराच्या कडेला ही रोपे लावली, तर तारांचा खर्च वाचेल आणि विद्यार्थ्यांना वनस्पतिशास्त्राचा जिवंत धडा मिळेल. सुट्टीवरून कचेरीत परतणाऱ्या कारकुनाने द्रोण सरळ धरून न्यावा, सांगितलेला भाव द्यावा आणि खाल्लेल्या फळांच्या बिया कचऱ्यात टाकू नयेत. रानाचे जतन ही केवळ वनखात्याची जबाबदारी नाही; ज्याच्या ओठांना त्या फळाचा चीक लागला, त्याच्यावरही तिचा वाटा येतो.