फी माफ झाली, राहण्या-जेवणाचे काय?

आज 26 जून, राजर्षी शाहू महाराजांची जयंती. जालना जिल्ह्यात या दिवसांत दोन कामांची एकदमच घाई असते. शिवारात कापूस-सोयाबीनची पेरणी चाललेली असते आणि घरात बारावी झालेल्या मुलामुलींच्या प्रवेशाची धावपळ. दोन्हींना पैसा लागतो तो एकाच महिन्यात. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास येतात, कापसाचे त्याहून उशिरा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना उचल मिळते तीही पावसाळा सरता सरता. त्यामुळे बियाणे-खत घ्यावे की प्रवेशाचे पैसे भरावेत, हा पेच भोकरदन-जाफराबादपासून मंठा-परतूरपर्यंत कितीतरी घरांत दर जूनमध्ये पडतो आणि बहुतेक वेळा तो सावकाराच्या दारात सुटतो.

शाहू महाराजांचे शैक्षणिक कार्य म्हटले की 1917 चा सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय आठवतो. त्याच्या कितीतरी आधी, 1901 मध्ये, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला की त्याचे पाऊल आधी राहण्या-जेवणापाशी अडते, हे त्या राजाने ओळखले होते. सव्वाशे वर्षांनंतरही आपली मुले तिथेच अडतात. मात्र प्रवेशाचा विचार करताना आपण अजून फक्त फी विचारतो.

फीच्या बाबतीत शासनाने काही पावले निश्चित टाकली आहेत. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट एवढीच की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की हा लाभ हातचा जातो. पण ज्या मुलीची फी माफ झाली, तिचाही हिशेब मांडून पाहू. अंबड तालुक्यातली मुलगी छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला अभियांत्रिकीला गेली आणि खोली, मेस, प्रवास मिळून महिन्याला आठ हजार धरले, तर वर्षाच्या दहा महिन्यांचे 80 हजार आणि चार वर्षांचे 3 लाख 20 हजार होतात. लॅपटॉप, पुस्तके, अनामत रक्कम यांचा खर्च आणखी वेगळा. मोफत शिक्षणाचा हा खरा आकडा आहे. तो प्रवेशाच्या दिवशी कुणी सांगत नाही आणि दुसऱ्या वर्षी मात्र घराला कळून चुकतो.

म्हणून पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च कागदावर मांडावा. एकरी बियाणे किती, खत किती, मजुरी किती, हे आपल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असते. तीच शिस्त इथे हवी. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्याहून जास्त मागितले तर लेखी विचारावे आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. राज्यात कॅपिटेशन फीला 1987 पासून कायद्याने बंदी आहे.

खर्चासमोर जमेची बाजू लिहिताना ती कधी हाती येईल, हेही लिहावे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता मिळू शकतो. मात्र ही रक्कम सहसा प्रवेशानंतर, अनेकदा बऱ्याच उशिराने खात्यात पडते. पहिल्या सत्राची तजवीज आपल्यालाच करावी लागते. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, आधार जोडलेले बँक खाते यांपैकी एक कागद राहिला तरी महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरचा अर्ज अडतो. ही कागदपत्रे अकरावीतच हाती असायला हवीत.

कर्जाला घाबरू नये, पण ते समजून घ्यावे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत आणि हमी योजनेखाली ही मर्यादा साडेसात लाखांपर्यंत जाते. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसला, तरी व्याज चढतच असते. पाच लाख रुपये दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 6,600 रुपयांचा हप्ता बसतो. शिकून मिळणाऱ्या पहिल्या पगारातून तो झेपेल का, हा प्रश्न अर्ज करण्याआधी विचारायचा आहे. आणि ज्यांची मुले आज दोन-तीन वर्षांची आहेत, त्यांच्या हाताशी वेळ आहे. दरमहा हजार रुपये पीपीएफमध्ये पंधरा वर्षे टाकले, तर 7.1 टक्के दराने सुमारे 3 लाख 15 हजार होतात. चार वर्षांच्या राहण्या-जेवणाचा वर मांडलेला आकडा जवळपास एवढाच आहे. तोवर महागाईने तो वाढेल हे खरे, तरी मोठा भार हलका झालेला असेल.

घरोघरी हिशेब मांडला म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. शिक्षण आणि नोकरीतील आरक्षणाच्या मागणीने 2023 मध्ये याच जिल्ह्यातील अंतरवाली सराटीतून साऱ्या राज्याला हलवले. जागा मिळाली, पण ती टिकवण्याइतका पैसा घरात नाही, अशी वेळ कोणत्याही समाजाच्या मुलावर आली तर आरक्षणाचा हेतूच अपुरा राहतो. जालन्यात रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र 2018 मध्ये आले, शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले. शिक्षण घराजवळ आले की खर्च खरोखर कमी होतो. आता गरज आहे ती तालुक्याच्या मुलामुलींसाठी पुरेशा वसतिगृहांची, पहिले सत्र संपण्याआधी मिळणाऱ्या निर्वाह भत्त्याची आणि पीक हाती येईपर्यंत फीचे हप्ते पाडून देणाऱ्या महाविद्यालयांची. जिल्हा प्रशासनाने दर जूनमध्ये तहसील कार्यालयात दाखले, शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज यांचे एकत्र शिबिर भरवावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आज ठिकठिकाणी शाहू महाराजांच्या प्रतिमेला हार घातले जातील. ते घालणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीला आमचे एकच मागणे आहे: आपल्या तालुक्यात एका वसतिगृहाची जागा आणि ते सुरू होण्याची तारीख आजच जाहीर करा. आणि पालकांनो, अर्ज भरण्याआधी आज रात्री मुलांना शेजारी बसवून चार वर्षांचा पूर्ण खर्च मांडा.