वैशाखातली ओल

मागच्या आठवड्यात रावेरच्या एका भगिनीचे पत्र आले. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आहे, दोनदा रंग दिला, दोनदा पोपडे सुटले, आता नणंद म्हणते घराला दृष्ट लागली. तर कोणता रंग द्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे. बाई, सध्या कोणताच देऊ नका. आधी पाणी कुठून येते ते शोधा. हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण आमच्या घरी आम्ही आधी रंग दिला, मग शेजाऱ्यांशी भांडलो आणि पाणी अगदी शेवटी शोधले.

राजपुऱ्यातले आमचे घर जुने. खालचा मजला विटा-चुन्याचा, वरचा नंतर चढवलेला सिमेंटचा. डाव्या हाताची भिंत आमची आणि शेजारच्यांची एकच. बऱ्हाणपूरच्या जुन्या वस्त्यांमधून हे सर्रास आहे; एका घरात खिळा ठोकला तर दुसऱ्या घरातला फोटो हलतो. शेजारी पॉवरलूम आहेत. दिवसरात्र खटाखट चालू असते, पण सवय झाली की लूम बंद पडल्यावरच जाग येते.

२००६ च्या दिवाळीची साफसफाई करताना सासूबाईंच्या खोलीत, ट्रंकेच्या मागे, पुरीएवढा ओला डाग दिसला. पावसाळ्याची ओल असेल म्हणून खरवडून ऑइलपेंटचा हात मारला. संक्रांतीपर्यंत डाग परातीएवढा झाला. मग घरात एकमत झाले की पलीकडे त्यांची मोरी असणार. आमचे हे सांगायला गेले. शेजारचे भाई म्हणाले, ‘‘भाईसाहब, मोरी तो हमारी उस तरफ है, आप खुद आके देख लो. दीवार तो हमारी भी गीली है.’’ आम्हाला तो उलटा आरोप वाटला. बघायला कोणी गेले नाही.

त्यानंतर बोलणे बंद झाले. भाभींकडून येणारी वाटी बंद, आमच्याकडून जाणारी पुरणपोळी बंद. फाल्गुनात त्यांच्या थोरलीचे लग्न झाले. पत्रिका धाकट्या मुलाच्या हाती आली. आम्ही आहेराचे पाकीट त्याच मुलाच्या हाती पाठवले आणि घरातून मांडवातली गाणी ऐकत बसलो. ती मुलगी आमच्या अंगणात खेळून मोठी झाली होती.

अक्षय्य तृतीयेला आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ट्रंक उघडली. तळाशी त्यांचा लग्नातला शालू होता. खालच्या घड्यांना बुरशी लागली होती आणि जर काळी पडली होती. आई काही बोलल्या नाहीत. गच्चीच्या जिन्यावर बसून पदर उजेडाकडे धरून नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘अगं, पण वैशाखात ओल कुठली? कुरडया दोन तासांत वाळतात इथे.’’

सहा महिने जे आम्हा शिकलेल्यांना सुचले नाही ते हे होते. ओल कुठली आहे हे ऋतू सांगतो. पावसाची ओल बहुधा छताजवळ किंवा बाहेरच्या भिंतीला येते, पावसाबरोबर वाढते आणि हिवाळ्यात हटते. जमिनीतून चढणारी ओल फरशीपासून वर दोन-तीन फुटांचा पट्टा धरते, लांबच लांब जाते आणि तिच्यावर पांढरा लोणा फुटतो. पण आमच्याकडच्या वैशाखात, घागर भरून ठेवली तरी तिचा गळा सुकतो अशा दिवसांत, भिंतीवरचा डाग ओलाच राहत असेल आणि वाढत असेल, तर त्याला कोणीतरी रोज पाणी पाजते आहे. म्हणजे नळाची किंवा मोरीची लाईन.

हवेतला दमट भिंतीवर बसतो आहे की काय अशी शंका असेल तर एक सोपा प्रयोग आहे. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवायचा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला धरले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला धरले तर ते खोलीतले, वाफेचे.

आमची लाईन कुठून जाते हे आम्हाला नेमके ठाऊक नव्हते. काही वर्षांपूर्वी न्हाणीघर नवे केले तेव्हा गच्चीवरच्या टाकीपासूनचा पाईप भिंतीत गाडला होता. करणारा कारागीर केव्हाच गाव सोडून गेला होता. तेव्हा सुरुवात टाकीपासून केली. रात्री दहाला, सगळी निजानीज झाल्यावर, टाकीत भरणारी मोटर बंद आहे हे बघून एक कोरडी काठी टाकीच्या तळापर्यंत उभी सोडली आणि ओल्या खुणेवर पेन्सिलीने रेघ मारली. पहाटे पाचला, कोणी तोंड धुवायच्या आत, तीच काठी पुन्हा. पाणी एक सेंटिमीटर उतरले होते. एवढेसे म्हणून हसू नका. टाकीचा व्यास मीटरभर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ आठ लिटर. सात तासांत आठ, म्हणजे दिवसाला सत्तावीस लिटर. दीडदोन घागरी पाणी आम्ही रोज त्या भिंतीला पाजत होतो.

दुसऱ्या रात्री टाकीच्या तोंडाचा वॉल्व्ह बंद करून तेच केले. पाणी जागचे हलले नाही. म्हणजे टाकी चांगली, गळती पुढे. तिसऱ्या रात्री वॉल्व्ह उघडा, पण संडासच्या फ्लशचा कॉक बंद, पाणी उतरले. चौथ्या रात्री स्वयंपाकघराकडची शाखा बंद, तरी उतरले. राहिली खालच्या न्हाणीघराची लाईन. एकेक वाट बंद करत जायचे आणि कोणत्या वाटेने पाणी जाते ते बघायचे, एवढीच ही विद्या. तिला यंत्र लागत नाही, चार रात्रींचा धीर लागतो.

ही विद्या माझी नव्हेच. आपल्या गावात ती चारशे वर्षांपासून जमिनीखाली आहे. लालबागच्या बाजूला खुनी भंडारा, म्हणजे कुंडी भंडारा, पाहिला नाही असा बऱ्हाणपूरकर विरळा. पण पाहुण्यांना दाखवताना आपण इतिहास सांगतो, रचना नीट बघत नाही. १६१५ मध्ये, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, म्हणजे दोहेवाल्या रहीमच्याच, हे काम झाले. पद्धत इराणातल्या कनातीची. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे सरकतो. ते झिरपणारे पाणी वाटेत भुयारात धरायचे आणि नुसत्या उतारावर, कोणत्याही मोटेशिवाय, शहरापर्यंत आणायचे. भुयाराच्या डोक्यावर ठराविक अंतराने शंभराहून अधिक कुंड्या, विहिरीसारख्या उभ्या. त्यातून हवा जाते, उजेड जातो आणि माणूस उतरतो. पाणी कुठे अडले, कुठे भिंत ढासळली, कुठे क्षार साचून वाट अरुंद झाली, हे कुंडीकुंडीने बघता येते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत या भंडाऱ्याचे नाव गेले.

मला तिथे दरवेळी एकच वाटते. झिरपणाऱ्या पाण्यावर एवढे मोठे शहर ज्यांनी जगवले, त्यांनी प्रत्येक टप्प्यावर डोकवायला तोंड ठेवले. आणि आपण अर्ध्या इंचाचा पाईप भिंतीत गाडतो, वर टाईल्स बसवतो आणि तो कुठून गेला हेसुद्धा विसरतो. न्हाणीघर नवे करताना नळाची लाईन शक्यतो भिंतीबाहेरून घ्या. दिसायला बरी दिसत नाही, हे मान्य. गाडायचीच असेल तर प्रत्येक शाखेला वेगळा वॉल्व्ह ठेवा, भिंत बुजवण्याआधी पाईपाचा फोटो काढा आणि फरशीपासून किती फूट, कोपऱ्यापासून किती फूट हे घरच्या वहीत लिहा. आणि लाईन पाण्याने भरून, तोट्या बंद करून, निदान एक दिवस तशीच उघडी ठेवल्याशिवाय मिस्त्रीला गिलावा करू देऊ नका. त्याला घाई असते. तुम्हाला त्या भिंतीबरोबर राहायचे असते.

आता आमच्या लाईनकडे. ती तेरा-चौदा फुटांची, फोडायची कुठे? डाग जिथे तिथेच, असे सगळे म्हणतात आणि तिथेच चूक होते. पाणी पाईपाच्या अंगावरून ओघळत येते आणि जिथे वाट मिळेल तिथे फुटते. गळती बहुधा डागाच्या वर असते. एका ओळखीच्या प्लंबरने सांगितलेली युक्ती केली. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक भिंतीवर आणि मूठ कानावर. पण लूमच्या खटाखटीत काय ऐकू येणार? तेव्हा दुपारी वीज जायची. एरवी तिला शिव्या देणारी मी त्या दिवशी तिची वाट बघत जिन्यावर उभी होते. वीज गेली, लूम थांबले, गल्ली एकदम मुकी झाली, आणि डागाच्या साडेतीन फूट वर, कान लावल्यावर, बारीक ‘सी…’ असा आवाज आला. तिथे गिलावा फोडला. लोखंडी पाईपाचा एल्बो, आटे गंजलेले, सुईएवढे भोक.

त्याच संध्याकाळी ह्यांना म्हटले, आता शेजारी जायला हवे. भाभींनी दार उघडले आणि काही न विचारता आतल्या खोलीत नेले. आमच्या भिंतीला लागून त्यांची सुताची खोली. कोनांच्या खालच्या दोन थरांना बुरशी लागून ते फेकावे लागले होते, बाकीचे त्यांनी खोलीच्या मधोमध रचून ठेवले होते. भिंत आमच्यापेक्षा जास्त ओली होती. भाभी म्हणाल्या, ‘‘हम भी आपकी ही मोरी समझे थे. पर बोलते कैसे, आप पहले बोल गए.’’ ह्यांनी नुकसानीचा विषय काढला तर भाईंनी तो पुढे जाऊ दिला नाही. दोन्ही बाजूंचा गिलावा आम्ही आमच्या खर्चाने केला. लग्न मात्र होऊन गेले होते.

दुरुस्तीबद्दल दोन गोष्टी. गळती थांबली म्हणजे भिंत सुकली असे नाही. जाड जुन्या भिंतीला पुरते सुकायला काही महिनेही लागतात. सुटलेला गिलावा विटेपर्यंत काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर तो क्षार विरघळून पुन्हा आत जातो. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा किंवा ऑइलपेंट नको, आतली ओल कोंडली जाते. आम्ही चुन्याचाच गिलावा केला आणि पुढच्या दिवाळीपर्यंत रंग दिला नाही. आल्यागेल्याने विचारले, पण भिंत टिकली. कपाट, ट्रंक, पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. आणि ओल्या भिंतीवर विजेचे बोर्ड असेल, बटण लावताना हाताला झिणझिण्या येत असतील, तर बाकी सगळे सोडून आधी मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. तिथे चार रात्री थांबायचे नाही.

फ्लशची टाकी आत गळते की नाही हे कळायला काठीही लागत नाही. टाकीत कपड्यांची नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश ओढू नका. भांड्यात निळे पाणी उतरले तर आतले रबर गेले. ठिबकणाऱ्या तोटीखाली पेला ठेवून घड्याळ बघा. दोनशे मिलिलिटरचा पेला वीस मिनिटांत भरला तर दिवसाला चौदा लिटरच्या वर पाणी जाते, वर्षाला हजार लिटरच्या पाच टाक्या. वॉशर किती रुपयांना मिळतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

खेड्यातल्या मैत्रिणींनी हे शहरातले म्हणून सोडून देऊ नये. जुलै २०२२ मध्ये आपला जिल्हा देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला, गावोगावी घरात नळ आला. विहिरीवरून डोक्यावर आणलेले पाणी सांडले तर लगेच कळायचे. नळाचे पाणी मातीच्या भिंतीच्या पायाशी ठिबकत राहिले तर कळायला वेळ लागतो, आणि मातीची भिंत विटेच्या भिंतीइतका वेळ देत नाही. अंगणातल्या नळाखाली फरशीचा तुकडा आणि पाणी लांब नेणारी नाली, एवढे तरी कराच.

रावेरच्या ताई, तुमच्या पत्रात डाग केव्हापासूनचा आणि उन्हाळ्यात सुकला होता का, हे लिहिलेले नाही. आज रात्री काठी टाकून बघा आणि खूण किती उतरली ते मला कळवा, पुढचे त्यावरून सांगते.

आमच्याकडे दर अमावास्येला काठी अजून टाकीत जाते. आई गेल्या, शालूचा चांगला राहिलेला काठ माझ्याकडे आहे. पहाटे मी गच्चीवर दिसले की पलीकडच्या गच्चीवरून भाभी विचारतात, ‘‘क्यों बहनजी, आज कितना उतरा?’’